घरी शिवलेला बिबट्या

शंकेखोर : मुलीला वाढदिवसाच्या पार्टीत बिबट्या व्हायचंय, तर होऊ दे की. पण त्यासाठी तुम्ही मशीन काढून बसायचं कारण मला कळत नाही. मुलुंडला जा, घाटकोपरला जा, वेश भाड्याने देणारी दुकानं आहेत. वाघ, सिंह, जिराफ, पोपट, अख्खं जंगल हँगरला टांगलेलं असतं. अनामत ठेवायची, आणायचा, दुसऱ्या दिवशी परत द्यायचा. मी शिलाईवर घर चालवते म्हणून सांगते, असल्या कपड्याइतकं वेळखाऊ काम दुसरं नाही. ब्लाउज शिवला तर तो वर्षानुवर्षं वापरात राहतो. आत माया सोडलेली असते, अंग भरलं की उसवून सैल करता येतो. इथे टोपडं वेगळं, कान वेगळे, शेपूट वेगळी, पोटाला दुसऱ्या रंगाचं कापड. आणि वापर किती? केक कापून खेळ संपेपर्यंत. पुढच्या वाढदिवसाला थीम बदलते. मग त्या बिबट्याला कोण विचारतं?

हौशी : दुकानात जाऊन आलोय, ताई. बिबट्या म्हणून त्यांनी जो काढून दाखवला तो चित्ता होता. पिवळ्या फरवर काळे भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत ओढलेली काळी रेघ. ती रेघ चित्त्यालाच असते. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर तुटक कडी असतात, पाकळ्या गोल मांडाव्यात तशी. भरीव ठिपके असतात ते डोक्यावर आणि पायांवर. पोट पांढरं, कानांची मागची बाजू काळी, आणि शेपूट लांबलचक, कारण झाडावर तोल सांभाळायला ती लागते. चित्ता आपल्या देशातून संपला, १९५२ साली तसं जाहीरही झालं, आणि २०२२मध्ये तो नामिबियाहून कुनोला आणावा लागला. बिबट्या मात्र इथून कधी गेलाच नाही. आपल्या नाहूरच्या इमारतींमधून पश्चिमेला जो डोंगर दिसतो, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभराहून थोडे जास्त चौरस किलोमीटर जंगल, भोवती शहर, आणि आत बिबटे. मुलुंड-भांडुपच्या वस्तीत तो उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे त्याच जंगलाखालून न्यायचं काम चाललंय. उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली त्याला वाघोबा म्हणून पुजतात. आमच्या मुलीने बाकीचे सगळे प्राणी सोडून या शेजाऱ्याचं नाव घेतलं. तिला चित्त्याचा वेश चढवून 'हा घे बिबट्या' म्हणणं मला जमणार नाही.

शंकेखोर : म्हणजे हा तुमचा हट्ट झाला, तिचा नाही. सहा वर्षांची पोरं पार्टीत एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात. कडं भरीव की पोकळ, ते कोण बघणार? मुलांना चमचम हवी असते, आणि ती हवी असण्यात वाईट काही नाही. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'मधुमंजिरी' बसवून लिटल थिएटर सुरू केलं. त्याआधी मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला आईच्या साड्यांचे पडदे आणि पुठ्ठ्याचे मुकुट. बाईंनी मुलांना खरं नेपथ्य दिलं, खरे झगमगीत पोशाख दिले, डोळे विस्फारतील असे चमत्कार रंगमंचावर दाखवले. मोठ्यांच्या नाटकाला जे मिळतं ते मुलांच्याही नाटकाला मिळालं पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. मला ते पूर्ण पटतं. आपण मोठी माणसं स्वतःसाठी लग्नात जरी घेतो आणि मुलांना साधेपणाचे धडे देतो. भाड्याचा वेश चकचकीत असतो म्हणून मूल त्याच्याकडे धावतं, तर धावू दे.

हौशी : 'मधुमंजिरी' लिहिणारे रत्नाकर मतकरी होते, हेही लक्षात घ्या. त्याच मतकरींनी पुढे स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली आणि हाताशी असेल त्यात नाटकं उभी केली. 'अलबत्या गलबत्या' त्यांचंच. पुढे ठाण्यात वस्त्यांमधल्या मुलांबरोबर 'वंचितांचा रंगमंच' चालवला. तिथे मुलंच आपली नाटकं रचायची, भपक्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे मराठी बालरंगभूमीत दोन्ही वाटा आहेत आणि त्या एकाच माणसापाशी एकत्र येतात. झगमगाटाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की झगमगाट बाहेरून येतो आणि सोंग आतून. बहुरूपी दारात यायचा तेव्हा त्याच्या अंगावर खाकी शर्ट आणि हातात काठी असायची, बस. पण तो असा काही दरडावायचा की घरातली माणसं क्षणभर खरंच हवालदार आला म्हणून दचकायची. कोकणातले दशावतारी पेटारा घेऊन गावोगाव फिरतात. रंगवायला बसतात तेही स्वतःच, दुसऱ्या कुणाच्या हाती चेहरा देत नाहीत. अर्धी भूमिका त्या रंगवण्यातच अंगात येते. आमच्याकडे मूल वेश चढवतं तेव्हा हा भागच गळून जातो. दुकानातून पिशवी येते, चेन लावली जाते, फोटो निघतो. बिबट्या होण्याचा वेळ तिला कुणी दिलेलाच नसतो.

शंकेखोर : बहुरूप्याचं उदाहरण ऐकायला छान आहे. पण बहुरूपी मोठा माणूस होता, त्याचं पोट त्या सोंगावर होतं, आणि दारात तो एकटाच उभा असायचा. तुमची मुलगी क्लबहाउसमध्ये पंचवीस मुलांमध्ये उभी राहणार आहे. एकाच्या सिंहाला ही एवढी आयाळ, दुसरीच्या मोराला खरी पिसं, आणि हिच्या अंगावर जुन्या कापडाचा बिबट्या. मी शाळेच्या वेशभूषा स्पर्धांसाठी पुष्कळ शिवून दिलंय. सावित्रीबाई, जिजाऊ, वारकरी, एकदा तर वांगं. कपडे न्यायला मुलं आईबरोबर येतात. त्यांचे चेहरे मी बघितलेत. आपलं बाकीच्यांपेक्षा कमी आहे हे मुलाला लगेच कळतं, आणि ते कळल्यावर तुमच्या सोंग-बिंग बोलण्याचा काही उपयोग नसतो. तत्त्व तुमचं आणि शरम तिची, हे मला चालत नाही. आणि आणखी एक. तुम्ही शिवायला बसलात तर सोसायटीत कौतुक होईल, 'बघा, बाबांनी शिवला!' तेच तुमच्या बायकोने रात्री एकपर्यंत जागून शिवलं असतं तर कुणी मान वर करून बघितलं नसतं. उलट हातशिलाईचे टाके दिसले असते तर नाव तिलाच ठेवलं असतं. घरी शिवण्याचं गुणगान करणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं की कुणाच्या रात्री धरून हे गुणगान चाललंय.

हौशी : हे खरं आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. कौतुक फुकट मिळतं, ते मला मिळणार, तिला मिळालं नसतं. एवढंच म्हणेन की त्यावर उपाय पुरुषांनी मशीनपासून लांब राहणं हा नाही. शिंप्याचा धंदा पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या केलाय, नामदेव शिंपी होते. घरात मात्र सुई बाईच्या हातात आणि शर्टाचं बटण तुटलं की हाक तिलाच. आमच्या शाळेत मुलींना शिवण असायचं आणि आम्ही मुलं त्या तासाला मैदानावर. सुईत दोरा ओवायला शिकलो तो मुलगी झाल्यावर, तिचे लंगोट शिवताना. ते जाऊ दे. शरमेचं म्हणालात, ती मला जास्त टोचते. पण बघा, आपलं कमी आहे असं मुलाला कधी वाटतं? त्या वेशात तिचं स्वतःचं काही नसतं तेव्हा. दुसऱ्याचा वेश चकचकीत, माझाही तसाच पाहिजे होता, पण नाही मिळाला. तिने स्वतः केलेला असेल तर तुलना तिथेच संपते असं नाही, पण तिच्याकडे बोलायला काहीतरी असतं. 'ही कडी मी काढली' हे वाक्य भाड्याच्या वेशाला येत नाही.

शंकेखोर : ती काढणार कशी? सहा वर्षांचं मूल कात्रीसुद्धा नीट धरत नाही.

हौशी : भेंडीने. निबर भेंडी देठाजवळ आडवी कापली की पाच कोनांचं फूल दिसतं आणि मध्ये पोकळी. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात कापडावरचा काळा रंग पातळ पसरायचा, भेंडी त्यात टेकवायची आणि कापडावर दाबायची. पहिला ठसा गच्च येतो, दुसरा बरा, तिसरा-चौथा कुठेतरी तुटक, आणि तो तुटकच बिबट्याच्या कड्याला सगळ्यात जवळचा. दुकानातल्या छापील कापडावर एकच कडं हजार वेळा छापलेलं असतं, जनावराच्या अंगावर दोन कडी सारखी नसतात. जंगलात बिबटे ओळखणारे लोक त्यांच्या कुशीचे फोटो एकमेकांशी ताडून बघतात, कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी. पाठीसाठी जाड भेंडी, पोटाकडे येताना बारीक, पायांवर नुसतं बोट. रंग पुरता वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवली की धुतल्यावर जात नाही. जुन्या कापडावर करून बघितलं तेव्हा तिने मला विचारलं, बिबट्याच्या शेपटीवर पण फुलं असतात का? मला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी फोटो शोधून बघितले. असतात, आणि टोकाकडे त्यांचे पट्टे होत जातात. दुकानातून पिशवी आणली असती तर हा प्रश्न तिला पडलाच नसता, आणि मलाही.

शंकेखोर : भेंडीचं आवडलं मला. पण कपडा नुसता रंगवून होत नाही. कापड कोणतं घेणार? मुलांच्या जनावराच्या वेशाला सगळे फर नाहीतर वेलवेट घेतात, सगळं पॉलिस्टर. इथली हवा दमट, मूल पळणार, घाम आत मुरणार आणि अर्ध्या तासात ते टोपडं काढून फेकणार. मग पाठीला चेन. मूल शूला लागली म्हणून धावत येतं आणि आई नेमकी केकपाशी. तळापर्यंत जोडलेला अंगरखा शिवणाऱ्याला मुलाची काळजी नसते, असं मी तोंडावर सांगते. मानेला नाडी घालायची नाही, कुठे अडकली तर गळा आवळतो. टिचबटण लावा, ओढ बसली की आपोआप सुटतं. आणि मेणबत्त्या. नेटचा घेर, फरची बाही, आणि केकवर वाकलेलं मूल. पॉलिस्टर पेट घेताना वितळतं आणि कातडीला चिकटतं. ब्रिटनमध्ये २०१४ साली एका टीव्ही निवेदिकेच्या लहान मुलीचा हॅलोवीनचा विकत आणलेला वेश मेणबत्तीने पेटला, मुलगी भाजली, तेव्हा तिकडे सगळे जागे झाले. युरोपात असे वेश खेळण्यात धरतात आणि खेळण्यांच्या ईएन ७१ या मानकाने त्यांची पेटण्याची चाचणी होते. तुमच्या घरच्या शिलाईला कोण चाचणी लावणार?

हौशी : तुम्ही. आत्ता लावलीत तीच. सुती होजिअरीचा जुना पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, दोन वेगळे तुकडे, म्हणजे शूचा प्रश्न सुटला. बाही मनगटाशी तंग, कुठे घेर नाही. सुतीही पेटतं हे मला माहीत आहे, म्हणून मेणबत्त्या विझेपर्यंत मी तिच्या मागे उभा राहीन. टोपडं टी-शर्टला जोडायचं नाही, सुटं ठेवायचं. कानात बकरम घालून मागून काळा तुकडा. आणि पार्टी झाली की शेपूट सोडवून ठेवायची, बाकीचा तिचा रात्रीचा ड्रेस. तुम्ही म्हणालात केक कापून झाला की संपलं, तर इथे ते संपत नाही. आपल्याकडे वारा फिरला की कांजूरच्या कचराभूमीचा वास येतो. पॉलिस्टरचा एकदाच घातलेला वेश शेवटी तिथेच जाणार, आणि तो कुजत नाही.

शंकेखोर : हा मुद्दा तुमच्याकडून नाही, माझ्याकडून यायला हवा होता. भाड्याचा वेश किती मुलांच्या अंगावर जातो, माहीत आहे? एक सिंह वर्षानुवर्षं फिरतो. वेलक्रो झिजतं तेव्हा बदलतात, चेन तुटली की माझ्यासारखीकडे येते. कचरा कमी करायचा असेल तर भाड्याइतकी शहाणी सोय नाही. घरी शिवणारे काय करतात ते मी बघते. जुना पायजमा सगळ्यांकडे नसतो. मग स्लो लोकल पकडून दादर, तिथून हिंदमाता, नाहीतर थेट मंगलदास मार्केट. एक मीटर लागतं तिथे दोन मीटर घेतात, चुकलं तर असू दे म्हणून. रंगांच्या बाटल्या, लेस, ग्लू गन. उरलेलं सगळं कपाटात. आणि हल्ली घरी केलेलं हीसुद्धा मिरवायची गोष्ट झालीय. ज्याच्याकडे सुट्टी आहे, मशीन आहे, मोकळी खोली आहे, तोच हाताने करतो आणि फोटो टाकतो. भांडुपच्या टेकडीवर राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी आई शाळेच्या स्पर्धेसाठी माझ्याकडे येते तेव्हा हाताने करण्याचं सुख तिला परवडत नाही. तिला मोजके पैसे टाकून काम उरकायचं असतं. तुमचा भेंडीचा बिबट्या पार्टीत गाजला की पुढच्या वेळी बाकीच्या आयांवर दडपण येणार, आपणही हाताने करायला पाहिजे. तुम्ही स्पर्धा मोडत नाही आहात, दादा. तिचा एक नवीन गट उघडताय.

हौशी : मग काय करायचं? कुणावर दडपण नको म्हणून कुणी काही करायचंच नाही?

शंकेखोर : मी तसं म्हणत नाही. शिवणकाम मोलाचं आहे असं वाटत असेल तर त्याचं मोल द्या, हे म्हणते. लोक माझ्याकडे आदल्या रात्री येतात, 'ताई, एवढंसं तर आहे, उद्या सकाळी पाहिजे.' पैसे सांगितले की म्हणतात, एवढ्यात विकत येतो. हाताच्या कामाबद्दल गोड बोलणारेच शिलाईला घासाघीस करतात. तुमच्या मुलीला तुमची मेहनत दिसेल, चांगलं आहे. पण तिच्या शाळेच्या गणवेशाला कुणीतरी टीप मारलीय, तेही तिला दिसलं पाहिजे. ते दिसत नाही म्हणून तर बाबांनी शिवलेला बिबट्या अप्रूप वाटतो.

हौशी : ते तिला कसं दिसेल, सांगू? ती स्वतः टाके घालेल तेव्हा. शेपटीच्या टोकाला मी तिला धावदोरा घालायला दिला. चार टाके, चारही वेगवेगळ्या लांबीचे, आणि पाचव्याला दोरा गुंतला. तेव्हा तिने स्वतःच्या फ्रॉकची शिवण उलटी करून बघितली आणि विचारलं, हे एवढं सरळ कुणी केलं? मला वाटतं, आपण दोघं आत्तापर्यंत वेश कुठून आणायचा यावरच भांडतोय. दुकान की घर, फर की सुती. ते सगळं दुय्यम आहे. भाड्याचा सिंह आणून त्याची आयाळ मुलाने घरी रंगीत लोकरीने भरली तरी ते सोंग मुलाचं होतं. आणि घरी आईबापांनीच सगळं बिनचूक शिवून मुलाला नुसतं उभं केलं, तर तो घरचा असला तरी भाड्याचाच. प्रश्न असा, की वेशातला कुठला भाग मुलाच्या हातचा आहे, आणि तो वाकडा झाला तर आपण तो तसाच ठेवू शकतो का.

शंकेखोर : हे बरोबर बोललात. पण तुम्ही वाकडा ठेवू शकता, कारण तुमचा बिबट्या मुळात तुमच्या पसंतीचा आहे. मला उलटं विचारायचंय. तुमच्या मुलीला दुकानात नेलंत?

हौशी : नाही. मी एकटाच गेलो होतो.

शंकेखोर : मग तिने निवडलं कुठे? तिच्यापुढे एकच वाट ठेवलीत आणि ती आनंदाने चालली. मुलं आईबापांना खूश करायला बघतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तिला तो फरचा चित्ता दाखवा. आरशासमोर घालून बघू दे. मग भेंडीचा दाखवा. आणि ती म्हणाली, बाबा, मला तो मऊ मऊ, डोळ्याखाली रेघ असलेला हवा, तर काय कराल?

हौशी : तिला वाईट न वाटू देता तोच आणावा, हे मला कळतं. पण मला हेही कळतं की सहा वर्षांच्या मुलापुढे मिठाई आणि भाकरी ठेवून निवड म्हणायची, तर ती निवड निम्मी दुकानदाराची असते. त्या वेशाचा रंग, चमक, मऊपणा, सगळं तिने हात लावताच हो म्हणावं म्हणूनच बेतलेलं आहे. माझ्या भेंडीच्या ठशात तसं काही नाही. तो आवडायला थोडा वेळ लागतो. तो वेळ मी तिला दिला तर ती लादणूक, आणि बाजाराने तिला एका क्षणात ओढलं तर ती तिची मर्जी? मला हे मान्य होत नाही, ताई.

शंकेखोर : मलाही बाजार मान्य नाही. पण मुलीच्या अंगावर काय चढावं याचा शेवटचा शब्द बापाचा, हे तर मुळीच मान्य नाही. मग तो बाप कितीही चांगला शिवत असो. आज बिबट्या आहे. दहा वर्षांनी ती स्वतःचे कपडे स्वतःच्या मर्जीने घालायला लागेल, तेव्हाही तुमच्याकडे अशीच चांगली चांगली कारणं असतील.

हौशी : हे तुम्ही फार लांब नेलंत.

शंकेखोर : लांब नाही, मी रोज बघते. गळा किती खोल, बाही किती लांब, हे मापं देताना मुलगी सांगत नाही, सोबत आलेला माणूस सांगतो. कधी आई, कधी भाऊ.

हौशी : तर मग नेतो तिला दुकानात. भेंडीचाही दाखवीन. चित्ता हवा म्हणाली तर चित्ता आणीन. फक्त शेपूट मी शिवलेली लावीन. दुकानातली वीतभरच आहे.

शंकेखोर : ती शेपूट कुणासाठी?

हौशी : थोडी तिच्यासाठी, थोडी माझ्यासाठी. तेवढी मी सोडणार नाही.

शंकेखोर : मग निदान ती कपड्याला जोडू नका, भाड्याचा कपडा उसवला तर अनामत जाईल. कमरेला वेगळा पट्टा करा, इलास्टिकचा, मागे वेलक्रो. आत कापूस नको, तो गोळा होतो. होजिअरीच्या चिंध्या भरा. आणि पट्ट्याचं माप ती जेवल्यावर घ्या.